वरची खोली खाली झाली

रिसाली, भिलाई
९ जानेवारी २०२५

ती. आईस,
धनंजयचा नमस्कार.

पोचल्या पोचल्या पत्र टाकतो असं तुले कबूल केलं होतं, अन् आता महिना होत आला. टाळलं हे खरं, पण मुद्दाम नाही टाळलं. रोज सकाळी ठरवतो की आज लिहायचंच. मग पेन सापडत नाही. पेन घ्यायले पावर हाउसच्या बाजारात जातो. तिथं एक माणूस सायकलच्या दोन्ही बाजूंनी हेल्मेटं लटकवून विकते, स्वतः मात्र कानटोपी घालून. त्याले विचारलं, भाऊ, तुम्ही एखादं कावून नाही घालत? तं म्हणे, माल जुना होते. त्याच्यासंग बोलत बोलत पुढं सुपेला चौकापर्यंत गेलो, दोन हेल्मेटं विकून दिली, चहा झाला, अन् घरी आलो तं पेन घ्यायचंच राहिलं. असे दिवस जातात. हे पेन प्रांजलीचं आहे.

तू म्हणशील, फोन करायचा. फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् शेजारच्या नलूच्या मोबाईलवर काही धाडलं तं तुझ्याआधी सगळ्या गल्लीले कळते. हे जे आता लिहून राहिलो ते गल्लीले कळण्यासारखं नाही.

आधी माझं सांगतो. तब्येत चांगली. गीता मामी दोन्ही वेळ पोटभर जेवू घालते. मामाची वरची खोली खाली झाली, म्हणून सध्या मी तिथंच झोपतो. सकाळी पडल्या पडल्या आभाळ दिसते. थंडी वाजते, पण मजा येते. क्लासचं नंतर लिहितो.

आता मुख्य गोष्ट. देवानंद मामा मोठ्या फेऱ्यात सापडला आहे.

इथं आपल्याकडच्या लोकांचं विदर्भ स्नेही मंडळ आहे, ते तुले माहीत आहे. गणपती, हळदीकुंकू, अन् वर्षातून एक सहल, जिच्यात जेवण कमी पडते. अध्यक्ष आनंदराव. दुर्गचे जुने राहणारे, पावर हाउसले लग्नपत्रिकांची प्रेस. अध्यक्षपद त्यांच्याकडं इतकं जुनं आहे की नवीन पोरं त्यांचं आडनावच अध्यक्ष समजतात. दरवेळी बिनविरोध. यंदा कोणीतरी मंडळाची घटना उघडली, अन् तिच्यात निघालं की उमेदवार कमीत कमी दोन पाहिजेत. आता आनंदरावांच्या विरोधात उभं कोण राहते? उद्या पोरीची पत्रिका छापायची असते.

मामा निवडणूक अधिकारी. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरीच्या खात्यातून, रिटायर झाला तरी चार माणसं दिसली की अजून मोजते. त्यानं उमाकांत काकांना गळ घातली, नावापुरते उभे राहा. उमाकांत काका म्हणजे प्लांटचे रिटायर साहेब, स्मृति नगरात घर, अन् मामाच्या प्रांजलीचे होणारे सासरे. त्यांच्या अनिमेषसंग तिचं तूच तं जमवलं. वसंत पंचमीले साखरपुडा. व्याह्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून काका उभे राहिले, पण आधीच सांगून टाकलं की प्रचार नाही, भाषण नाही, चिन्हसुद्धा नको. "मी फक्त जागा भरतो," म्हणाले.

मतपत्रिका आनंदरावांनीच सेवा म्हणून छापून दिली. लग्नपत्रिकेवर टाकायचं समईचं चित्र होतं, तेच चिन्ह म्हणून स्वतःच्या नावापुढच्या चौकटीत टाकलं. उमाकांत काकांची चौकट कोरी ठेवली. वर सूचना, अगदी शुद्ध मराठीत: 'कृपया खाली चौकटीत शिक्का मारावा.' मामाचं म्हणणं होतं, पोरं हिंदी-इंग्रजी शाळेतली, हिंदीतही एक ओळ टाका. आनंदराव म्हणाले, मराठी मंडळात हिंदी ओळ पडेल ती मी गेल्यावर.

रविवारी मतदान झालं. पेटी म्हणजे मामीचा लाडवांचा स्टीलचा डबा, झाकणाले चीर पाडून. मामी त्या झाकणापायी अजून रुसून आहे. जेवणाची वेळ झाली म्हणून मोजणी दुसऱ्या दिवसावर गेली अन् डबा मामाच्या घरी आला. तिथंच घात झाला.

मोजताना मामा एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचे. पहिल्या काही उमाकांत निघाल्या तं लोक हसले. मग आणखी निघाल्या. मग कोणी हसे ना. मामाचा आवाज असा उतरत गेला, जसं घरच्या माणसाचं नाव पोलिसांच्या कागदातून वाचून राहिला. शेवटी आनंदराव अठ्ठेचाळीस, उमाकांत काका एकशे सत्तावीस. गणपतीत नाचणाऱ्या सगळ्या पोरापोरींना आनंदरावांनी स्वतः सभासद करून घेतलं होतं, जरीचे कपडे शिवून दिले होते, म्हणजे ती मतं तं त्यांच्या खिशातच होती. आभाराची कार्डं छापून आणली होती, ती तशीच थैलीत परत गेली. उमाकांत काका उभे राहिले अन् म्हणाले, माझं स्वतःचं मतसुद्धा आनंदरावांनाच आहे. त्यावर कोणीतरी मागून म्हणालं, तेवढंच एक खरं पडलं असन.

आता जिथं जावं तिथं एकच, की देवानंदनं होणाऱ्या व्याह्याले निवडून आणलं. काल मामा फक्त मले म्हणाला, "मी जन्मभर माणसं मोजली, धनू. चिठ्ठ्या तं हलत बी नाहीत."

हेल्मेटवाला बाहेर घंटी वाजवून राहिला. थांबतो.

तुझा,
धनू


हिंगणघाट
१४ जानेवारी २०२५

चि. धनंजय यास,
अनेक आशीर्वाद. आज संक्रांत. तीळगूळ पाठवत नाही, कारण टपालात त्याचा भुगा होतो आणि तो तू वाटेतच उघडशील असं नव्हे, पण पोस्टमन उघडेल.

पत्र पोचलं. 'मले', 'तुले' बोलताना चालतं. कागदावर 'मला', 'तुला' लिहावं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासल्या आणि पोटचं पोर असं लिहितं, हे कुणाला सांगायची सोय नाही.

आता खोलीचं. वरची खोली खाली झाली, हे तू एका ओळीत उरकलंस आणि हेल्मेटवाल्याला अर्धं पान दिलंस. कधी झाली? त्या खोलीच्या बरोबर खाली स्वयंपाकघर आहे. गीता तेव्हा कुठे होती? कुणाला लागलं का? आणि तू तिथेच झोपतोस म्हणतोस, आभाळ दिसतं म्हणतोस, वर मजा येते म्हणतोस. अरे, पडक्यात झोपायला तुला देवानं डोकं दिलं आहे की मडकं? देवानंदला मी तेव्हाच म्हटलं होतं, वर खोली चढवतोस तर खाली बीम घाल. कवडू मिस्त्री इथून नेला, त्यालाही म्हटलं. तो म्हणाला, बाई, मी बांधलेलं खाली येत नाही. घ्या आता.

निवडणुकीचं वाचून रात्रभर बरं वाटलं नाही. देवानंद खोटं करणार नाही. लहानपणी सागरगोट्यांतसुद्धा तो हरायचा, कारण त्याला हात मारता येत नसे. मी मारायचे आणि जिंकायचे, ते वेगळं. पण लेकीच्या लग्नापायी बापाची बुद्धी कुठे जाईल याचा भरवसा नसतो, हेही मी पाहिलं आहे. तू त्याला एकांतात सरळ विचार. आणि उमाकांतरावांचं मन कसं आहे ते लिही. स्थळ मी सुचवलं आहे. ते मोडलं तर प्रांजलीला काय तोंड दाखवू?

खोलीचं आधी लिही. बाकी सगळं नंतर.

तुझी आई
(रत्नमाला)

ता. क. क्लास लावलास का?


रिसाली
१९ जानेवारी २०२५

ती. आईस,
मला, मला, तुला, तुला. बघ, लिहिता येते. येतं.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी उमाकांत काकांकडे स्मृति नगरला निघालो होतो, म्हणून वाटेत टपरीवर उभ्यानं वाचलं. खोलीचं तू विचारलंस, ते सांगतोच, पण त्याआधी इथं काय काय झालं ते ऐक, नाही तं मी विसरून जाईन.

मामाला एकांतात विचारलं. तो म्हणाला, ताईनं विचारायला सांगितलं ना? मी हो म्हटलं. म्हणाला, मग तिला सांग, सागरगोट्या आठव. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं, तू हात मारायचीस.

मंडळात आता रोज नवीन शोध लागून राहिले आहेत. पहिला, डबा बदलला. मामीनं सगळ्यांसमोर डब्याच्या बुडावर कोरलेलं तिच्या बापाचं नाव दाखवलं, तं तो शोध बसला. दुसरा, शाईचा. म्हणे समईवर मारलेला शिक्का रात्रीतून उडून जाते अन् कोऱ्या चौकटीत उमटते. हे सांगणारा माणूस पूर्वी प्लांटच्या लॅबमध्ये होता, म्हणून लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिसऱ्यानं तर सांगितलं की डबा हॅक झाला. मी म्हटलं, काका, लाडवांचा डबा हॅक कसा होईल? तं म्हणे, आजकाल काही सांगता येत नाही, टीव्ही पाहत नाहीस का. मला खरं सांगू, आई, थोडा वेळ मलाही डब्याची भीती वाटली.

मोजणी पुन्हा झाली. आनंदरावांनी स्वतः मोजलं, चष्मा पुसून पुसून. तेवढंच निघालं. तं म्हणाले, आकडा बरोबर आहे म्हणजे गडबड पक्की आहे, खरी मतं इतकी नेमकी कधी निघतच नाहीत.

मी म्हटलं, मतं देणाऱ्यांनाच विचारू ना. मामा एकदम तडकला. गुप्त मतदान आहे, कोणी कोणाला विचारायचं नाही, मी अधिकारी आहे तोवर नाही. त्याच्यावर गदा आली तरी नियम पाळते. आता अशा माणसाला वाचवायचं तं कसं?

उमाकांत काकांचं सांगतो. घरी गेलो तं त्यांनी बसा म्हटलं नाही. त्यांना राग लोकांचा नाही, मामाचा आहे. त्यांना खरंच वाटते की मामानं त्यांच्यावर उपकार केला, साहेब खूश राहावा म्हणून. म्हणाले, "माझ्या घरात मुलगी यायची होती, खुर्ची नाही." टाइम ऑफिसच्या बाबूच्या घरून आपण काही घेतलं असं कोणी म्हणावं, हे त्यांना सोसत नाही. निकालाचा डाग निघेल तेव्हाच साखरपुड्याचं बोलू, असं स्वच्छ सांगितलं. पण आई, जाताना पाहिलं, दिवाणखान्यात मंडळाची अध्यक्षाची खुर्ची आणून ठेवली आहे. मी विचारलं. म्हणाले, पुरावा म्हणून ठेवली आहे. बसतात मात्र तिच्यावरच.

आता सगळ्यात वाईट. आनंदरावांनी सव्वीस तारखेला, झेंडावंदनानंतर, मामाच्या अंगणात सभा ठेवली आहे. मामानं प्रांजलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावी, की मी डब्याला हात लावला नाही. मामानं नाही म्हटलं. म्हणाला, "खरं सांगायला मी लेकीचं डोकं गहाण ठेवत नाही." लोकांनी त्याचा अर्थ उलटाच काढला. शपथ घेत नाही म्हणजे केलंच आहे. प्रांजली मामीला म्हणाली, पप्पा का नाही घेत, मेरा सर है, मैं दे रही हूँ. मग रडली. मामा उठून मागच्या अंगणात गेला अन् वाळत घातलेल्या मिरच्या मोजत बसला.

सभेत काही निघालं नाही तं मामा मंडळ सोडणार, अन् साखरपुडाही आपणच नाही म्हणून सांगणार. त्याच्या तोंडून ऐकलं आहे. दुसऱ्यानं मोडावं त्यापेक्षा आपण मोडलेलं बरं, म्हणते.

अनिमेष गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, प्रांजलीला भेटायची हिंमत नाही म्हणून मला बोलावून राहिला. त्याच्या गाडीचा क्लचही खराब आहे. जाऊन पाहतो. तू विचारलेलं काही राहिलं असेल तं आठवण कर.

तुझा,
धनू


हिंगणघाट
२२ जानेवारी २०२५

चि. धनंजय,

दोनदा वाचलं. खोलीबद्दल एक अक्षर नाही. ज्या अर्थी तू डब्याचं, शाईचं, मिरच्यांचं आणि क्लचचं लिहिलंस आणि खोलीचं नाही, त्या अर्थी प्रकार तू लिहितोस त्याहून मोठा आहे आणि देवानंदनं तुला गप्प राहायला सांगितलं आहे. एका अंगावर घर, दुसऱ्या अंगावर बदनामी. माझा भाऊ बोलणार नाही, मला माहीत आहे. मी जे करायचं ते केलं आहे. तू विचारू नकोस.

शपथ न घेणं हेच त्याला शोभतं. त्याला सांग, ताईला सागरगोट्या आठवल्या.

आणि तुम्ही सगळे डब्याला काय विचारत बसलात? शिक्के डब्यानं मारले का? ज्यांनी मारले त्यांच्याशी कुणी बोललं का? नियम देवानंदला आहे, तुला नाही. तू आजवर कोणता नियम पाळलास, तो आत्ताच आठवावा?

तुझी आई


रिसाली
२६ जानेवारी २०२५, वरच्या खोलीतून

ती. आईस,

खाली अंगणात सभा चालू आहे. मला सभेचा वृत्तांत लिहायला बसवलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की हे सगळं तुलाच सांगायचं आहे, म्हणून कागद घेऊन वर आलो. खिडकीतून सगळं दिसते अन् ऐकूही येते.

परवा तुझं दुसरं पत्र आलं. मामी कणीक मळत होती. म्हणाली, वाच मोठ्यानं, ताई माझ्या झाकणाचं काही लिहितात का पाहू. मी वाचलं. 'एका अंगावर घर' इथं मामी थांबली. घराला काय झालं? म्हणून मग तुझं पहिलं पत्रही खिशातून काढलं अन् तेही वाचलं. पडकं, बीम, स्वयंपाकघर, गीता कुठे होती. मामीनं कणकेच्या हातानं कपाळाला हात लावला. प्रांजली हसत सुटली, निकालानंतर पहिल्यांदा. म्हणाली, अरे धनू दादा, तूने लिखा खोली खाली हो गई, किरायेदार गया तो खाली हो गई, आणि आत्याला वाटलं खोली नीचे आली.

आई, तेव्हा मला समजलं. खोली धड आहे. भाडेकरू सोडून गेला, खोली रिकामी झाली, एवढंच. आभाळ खिडकीतून दिसते. मी रिकामी लिहायला पाहिजे होतं, पण इथं सगळे खालीच म्हणतात.

मग प्रांजलीनं हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. म्हणाली, "एक मिनिट. बैलट पे जो लिखा था, खाली चौकटीत... वो नीचेवाला खाली था क्या?"

मामी म्हणाली, मंग कोणता? खालच्या चौकटीत, आपल्या आवडीच्या नावापुढं.

"मैंने तो खाली में मारा. जो चौकट खाली थी."

आई, तिनं कोऱ्या चौकटीत मारला. रिकाम्या चौकटीत शिक्का मारावा, असं वाचलं तिनं. मी पळत अनिमेषकडं गेलो. मामाला विचारलंच नाही, तुझं ऐकलं. त्यानंही खालीमध्येच मारला. नाचणाऱ्या पोरांकडं गेलो, गॅसचं दुकान, जिम, मोबाईलचं दुकान, सगळीकडं. वाटेत एका ठिकाणी कॅरम चालू होता, तिथं थोडा थांबलो, पण थोडाच. सगळ्यांचं एकच. मी म्हटलं, अरे, पण त्या चौकटीपुढं नाव उमाकांत काकांचं होतं, तुम्ही आनंदरावांचे ना? तं एक पोरगा म्हणाला, "भैया, हमको लगा बड़ों ने पहले से तय कर लिया है, बस ठप्पा लगवा रहे हैं. घर में भी तो ऐसे ही होता है, बोलते हैं यहाँ साइन कर." कोणी त्यांना विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलंही नाही. काहींना तं अजून ठाऊक नाही की निकालावरून भांडण आहे. त्यांना वाटून राहिलं, अंकल जिंकले, छान झालं.

मामाला सांगितलं. तो उठला, कोरी मतपत्रिका काढली, ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग मामीला म्हणाला, चहा कर, अन् साखर टाक. पंधरा दिवस तो बिनसाखरेचा पीत होता, आम्हांला कोणाला समजलंही नव्हतं.

म्हणून आज सभेत मामानं उभं राहून एवढंच सांगितलं. नियम मोडून पोरांना त्याच्या भाच्यानं विचारलं, त्याबद्दल आधी माफी मागितली. मग शब्द सांगितला. पोरं मागं उभी होती, त्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, झालं, सुटला मामा.

पण आनंदराव बसतात कुठं. म्हणाले, "एका शब्दापायी शंभर माणसं चुकली? खाली म्हणजे खाली. मराठी माणसाले हे समजत नाही, असं होऊच शकत नाही." मामा म्हणाला, मी म्हटलं होतं, हिंदीत एक ओळ टाका. तं म्हणाले, आता माझ्यावर ढकलून राहिला का? अन् साक्षीदार कोण? लेक तुझी, जावई तुझा, भाचा तुझा, अन् ही पोरं त्यानंच गोळा केलेली. घरच्या घरात काय बी पढवता येते. बाहेरचा एखादा आणून दाखव, ज्याले तू पढवलं नाही अन् जो या शब्दानं फसला. मग मी मानतो.

लोकांना ते पटलं, आई. मला दिसून राहिलं, माना त्यांच्याकडं वळल्या. उमाकांत काका अध्यक्षाच्या खुर्चीवर (पुरावा सोबत घेऊन आले आहेत) हाताची घडी घालून बसले आहेत, मामाकडं पाहत नाहीत. अनिमेष त्यांच्या कानाशी काही बोलला तं त्यांनी हातानंच गप्प केलं. प्रांजली दारात उभी आहे. आनंदराव पुन्हा शपथेवर आले. मामीनं प्रांजलीचा हात धरून ठेवला आहे, पण प्रांजली हात सोडवून अंगणात आली अन् मामासमोर डोकं वाकवून उभी राहिली. मामानं दोन्ही हात पाठीमागं नेले. म्हणाला, "जा घरात, बाई. नाही होणार माझ्यानं." आनंदराव सगळ्यांकडं वळून म्हणाले, पाहा.

थांब. फाटकाशी ऑटो थांबला.

ऑटोतून एक म्हातारा उतरून राहिला. डोक्याला मफलर, खांद्यावर पोतं, पोत्यातून ओळंबा लोंबतो आहे, हातात थापी, अन् ऑटोवाला मागून लोखंडी जॅक ओढून काढतो आहे, ट्रक उचलायचा असतो तसला. सभेतून सरळ चालत आला. कोणाला राम राम नाही. अंगणाच्या मधोमध उभं राहून घराकडं वर पाहिलं. मग मामाकडं. थापी रोखून रागानं म्हणाला:

"देवानंदभाऊ, रत्नमाला बाईनं तिकीट काढून धाडलं मले. म्हणे वरची खोली खाली झाली. कुठं झाली? ही तं वरच आहे."

आनंदरावांनी विचारलं, तुम्ही कोण, कुठले. तं म्हणे, मी कवडू मिस्त्री, हिंगणघाटहून आलो, ही खोली माझ्या हातची आहे, अन् पत्रात खाली झाली असं साफ लिहिलं आहे असं बाईनं मले दोनदा वाचून दाखवलं. बाई मास्तरीण आहे. तिले मराठी येत नाही का?

आधी पोरं हसली. मग मामी, पदर तोंडाला लावून. मामानं पाठीमागचे हात पुढं घेतले अन् तेच हात तोंडावर धरले, अन् त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडून राहिला. आनंदराव खिडकीकडं पाहत उभे आहेत, जणू खोली अजून पडेल तं बरं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, सगळ्यांसमोर मतपत्रिकेवरची ओळ खोडली अन् खाली हिंदीत काहीतरी लिहायला लागले. खालीला काय लिहावं ते मात्र त्यांना सुचून नाही राहिलं.

अन् उमाकांत काका उठले. अध्यक्षाची खुर्ची स्वतः उचलून कवडूसमोर ठेवली. म्हणाले, "बसा मिस्त्री. ही खुर्ची खाली आहे." कवडूनं आधी वाकून खुर्चीच्या खाली पाहिलं, मग बसला. काका मामाकडं वळून म्हणाले, "व्याही, चहा सांगा."

मी हे इथंच सोडतो, जॅक उचलायला मलाच हाका मारून राहिले. आई, कवडू मिस्त्री खाली बसला आहे. खाली म्हणजे तुझ्यावालं खाली.

तुझा,
धनू